खालीवरकरांचा तारकागुच्छ

खालीवरकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला एका रखवालदाराने थट्टेत ठेवलेलं ते नाव. पण ते असं चिकटलं, की पुढे कंपनीतले साहेबसुद्धा फोनवर "खालीवरकर आहेत का?" म्हणून विचारू लागले. त्यांची बायको पडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापड बेतायचं लांबलचक टेबल आणि भिंतीला टेकवून ठेवलेले तागे. गल्लीत तिला सगळे पडदेवाल्या काकू म्हणत. "बाबा लोकांना वर-खाली करतात आणि आई लोकांना झाकते," असं त्यांची लेक म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. ती तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होती.

काकूंना नवरा मिळाला तो अबोल. घरी आले की हात धुवायचे, तेही दोनदा, कारण लिफ्टच्या दोरांचं वंगण पहिल्या धुण्याला दाद देत नसे. मग जेवायचं, पोरीची एखादी खोडी काढायची, आणि झोप. भांडायचं म्हटलं तरी समोरून उत्तर नाही. "तुमच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं," काकू म्हणायच्या, "चेंडू परत येतो तो आपलाच."

अशा माणसाला आकाशाचा नाद लागला तोही कामापायी. लिफ्टची मोटर असते इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या लोखंडी दाराच्या खोलीत. एका संध्याकाळी मोटरचा एक भाग जळाला, नवा येईपर्यंत थांबणं भाग होतं. वर करायला काही नाही, खाली जायला लिफ्ट नाही. खालीवरकर गच्चीवर आडवे झाले आणि वर बघत राहिले. आयुष्यभर गच्च्यांवर काम केलं, पण वर बघायची वेळ अशी कधी आलीच नव्हती, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. महिन्याभरात जुन्या बाजारातून एक दुर्बीण आली. दोन्ही डोळ्यांना लावायची, जडशीळ, एका बाजूचा रंग उडालेली. कुण्या निवृत्त खलाशाची होती म्हणे.

सुट्या ताऱ्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ग्रहांचंही नाही. त्यांचा जीव जडला तो गोल तारकागुच्छांवर. नुसत्या डोळ्यांना हा गुच्छ जेमतेम दिसतो, एखाद्या ताऱ्यावर फुंकर मारून तो धुरकट केल्यासारखा. दुर्बिणीतून बघितलं तर पिंजलेल्या कापसाचा गोळा. पण त्या एवढ्याशा गोळ्यात लाखो सूर्य असतात, हे कळलं त्या दिवशी खालीवरकर जेवताना पहिल्यांदा आपणहून बोलले.

"लाखो! आणि आपल्या सूर्याच्या दुप्पट वयाचे. सगळे एकमेकांना धरून बसलेत, कधीपासून."

"इतकी वर्षं एकत्र राहून भांडत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"एखादा निसटतो अधूनमधून. बाकीचे राहतात."

"इथे तीन माणसांच्या घरात माझ्या नाकी नऊ येतात. तिथली बाई कोण आहे बघा एकदा दुर्बिणीतून."

लेक खो खो हसली. खालीवरकरही हसले. मग एकेक गुच्छ त्यांच्या ओळखीचा होत गेला. शौरी नावाच्या तारकासमूहातला, ज्येष्ठा नक्षत्राच्या लाल ताऱ्याला खेटून बसलेला, धनू राशीतला. घरी पाहुणे आल्यासारखी त्यांची नावं निघू लागली. "आज ज्येष्ठेचा शेजारी दिसला," म्हणायचे. त्या दोन-तीन वर्षांत काकूंना नवऱ्याचा आवाज जितका ऐकायला मिळाला, तितका आधीच्या सगळ्या संसारात मिळाला नव्हता.

सगळ्यांत मोठा गुच्छ मात्र अवघड जागी होता. नरतुरंग तारकासमूहातला हा गुच्छ उन्हाळ्याच्या संध्याकाळी दक्षिणेला, क्षितिजापासून थोडासाच वर येतो आणि लवकर कलतो. गल्लीतून दक्षिण दिसतच नसे. दिसायची ती एकाच ठिकाणाहून. ज्या अकरा मजली इमारतीच्या लिफ्टचं काम खालीवरकरांकडे होतं, तिच्या गच्चीवरून. पण तिथेही समोर चौदा मजली इमारत उभी. तिच्या माथ्याच्या चार बोटं वरून तो गुच्छ सरकत जायचा. त्या उन्हाळ्यात खालीवरकर काम आटोपल्यावर तासभर मागे थांबू लागले. त्यांनी घरी तसं सांगितलंही होतं. काकूंनी "बरं" म्हटलं होतं आणि शिवण चालू ठेवली होती.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि दारातच उभे राहिले. बूट काढले नाहीत. हातातली हत्यारांची पिशवीही खाली ठेवली नाही.

"काय झालं?" काकूंनी मशीन थांबवलं.

"माझ्यावर आळ आलाय."

"कसला?"

"बायकांच्या खिडक्यांत बघतो म्हणून."

समोरच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहायची. बारावा मजला आणि ही गच्ची अगदी एका पातळीत. सलग तीन संध्याकाळी तिने एक माणूस आपल्या दिशेला दुर्बीण रोखून उभा असलेला पाहिला. तिने फोनवर त्याचा फोटो काढला आणि आपल्या इमारतीच्या व्यवस्थापकाला पाठवला. फोटोत कंपनीचा निळा शर्ट स्पष्ट दिसत होता. रखवालदार आणि आणखी दोघं जिना चढून वर आले, तेव्हा खालीवरकरांच्या डोळ्यांना दुर्बीण तशीच होती.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत का, गुच्छ बघत होतो म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले."

दुसऱ्या दिवशी त्यांना चौकीवर बोलावून जबाब घेतला. कंपनीने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. कर नाही त्याला डर कशाला, असं काकू आल्यागेल्याला सांगत होत्या, पण डर त्यांच्याच पोटात येऊन बसला होता. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच! एक बाई झोपण्याच्या खोलीचे पडदे शिवायला टाकून गेली होती, ती कापड परत न्यायला आली. "घाई नाहीये, नंतर बघू," म्हणाली. दुसरीने काम दिलं, पण जाता जाता विचारलं, "मापं घ्यायला तुम्ही एकट्याच येता ना?" काकू "हो" म्हणाल्या, आणि नंतर त्या एका "हो" बद्दल दिवसभर स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं असं त्यांना वाटत राहिलं.

खालीवरकर घरात असे बसत, की जणू पाहुणे म्हणून आले आहेत. खुर्चीच्या कडेवर, हात गुडघ्यांवर. कुणी बोललं तर उत्तर देत. खिडकीशी मात्र उभे राहत नसत. खिडकी उघडायची झाली तरी लेकीला हाक मारत.

त्या लेकीनेच एक दिवस भाजी निवडता निवडता विचारलं. आवाज इतका हळू, की काकूंना वाटलं पाण्याचा नळ बोलला.

"आई, बाबा खरंच आकाशातच बघत होते ना?"

"गप्प बस. असलं काही विचारतात?"

पोरगी पुन्हा भाजी निवडू लागली. काकूंच्या हातातली सुरी मात्र चालेना. त्या "हो" म्हणाल्या नव्हत्या. "गप्प बस" म्हणाल्या होत्या. या दोन्हींतलं अंतर पोरीला कळलं असणार, कारण ती आता आंघोळीला जाताना न्हाणीघराची वरची झडप लावून घेऊ लागली होती. खालीवरकरांच्याही कानावर त्या झडपेचा आवाज जातच असेल.

आठवड्याभराने कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, "दाखवा आम्हाला तो तुमचा गुच्छ. दिसला तर प्रश्नच मिटला." खालीवरकरांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा जरा तरतरी आली. काकूही म्हणाल्या, "मीही येते." हाताच्या काकणाला आरसा कशाला, असंच त्यांना वाटलं. आकाशातली वस्तू, ती काय कुणी पळवून नेणार?

गच्चीवर पाच जण जमले. साहेब, समोरच्या इमारतीचा व्यवस्थापक, रखवालदार, खालीवरकर आणि काकू. अंधार पडत आला होता. दिवसभर उकडत होतं आणि दक्षिणेला धुळीचा मळकट थर चढलेला. डोक्यावरचे चार तारे दिसत होते, पण समोरच्या इमारतीच्या वर नुसतं शहराच्या उजेडाने पिवळं पडलेलं आकाश होतं.

खालीवरकरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पुन्हा पुन्हा काचा पुसल्या. "आहे. इथेच आहे. धुळीमुळे... थोडं थांबा."

सगळे थांबले. शेवटी साहेबांनी दुर्बीण घेतली. "मला तर काही दिसत नाही हो."

मग व्यवस्थापकाने घेतली. त्याला दुर्बिणीची सवय नव्हती, ती हातात हलली आणि खाली झुकली. "अरे!" तो म्हणाला. "इथून तर सगळं दिसतंय. तो बघा, खिडकीत एकजण दात घासतोय. तोंडातला ब्रशसुद्धा दिसतोय."

काकूंनी हात पुढे केला, तेव्हा दुर्बीण त्यांच्याकडे आली. त्यांना आकाश दिसायच्या आधी खिडकी दिसली. एक दोरी, दोरीवर वाळत घातलेले लहान मुलाचे मोजे, मोज्यांवरची पिवळी बदकं. एवढं लख्ख, की हात लांब केला तर काढून घेता येतील. त्यांनी घाईघाईने दुर्बीण वर केली. वर काही नव्हतं. धूळ आणि उजेड.

त्यांनी दुर्बीण नवऱ्याला परत दिली आणि जिना उतरू लागल्या.

त्या रात्री काकूंना झोप लागली नाही. नवरा लबाड नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ती पिवळी बदकं वेगळी. माणूस गुच्छ बघायला म्हणून दुर्बीण लावतो. धूळ असते, गुच्छ दिसत नाही. दुर्बीण जरा खाली येते. मग? मनात संशयाचं पिल्लू शिरलं की ते घर मागतं, आणि काकूंनी दोन-तीन दिवस त्याला घर दिलं. नवऱ्याच्या ताटात वाढताना त्यांची नजर ताटावरच राहायची.

याच दिवसांत पडद्यांचे रॉड बसवणारा मिस्त्री पुढच्या खोलीतल्या दुकानात आला. तो काकूंच्या जोडीने वर्षानुवर्षं काम करणारा माणूस. जरा घुटमळून म्हणाला, "काकू, एक काम आलंय, पण तुम्हाला सांगू की नको कळत नाही. त्याच इमारतीत. बारावा मजला. मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नको," काकू म्हणाल्या. "मीच जाते मापाला."

ती मुलगी तिशीच्या आतली असेल. दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचं काम करायची. खोलीतल्या टेबलावर प्लॅस्टरचे दातांचे साचे ओळीने वाळत ठेवलेले, जणू दहा-बारा माणसं एकदम काहीतरी बोलायला निघाली आणि थांबली. खिडकीच्या सगळ्या तावदानांवर वर्तमानपत्रं चिकटपट्टीने लावली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत दिवा लावलेला.

"काकू, बाहेरून सावलीसुद्धा दिसायला नको," ती म्हणाली. "मिळेल ना असं कापड?"

"मागून जाड अस्तर लावू. आत दिवा असला तरी काही दिसणार नाही." काकूंनी चौकटीचं माप घ्यायला कोपऱ्यातला कागद सोडवला आणि बाहेर पाहिलं. समोर ती गच्ची. टाकी, लोखंडी दार, दारावरचा जाळीतला दिवा. इतकं समोर, की तिथे उभा राहिलेला माणूस आपल्याच खोलीत उभा आहे असं वाटावं. काकूंनी माप टिपून घेतलं आणि कागद पुन्हा दाबून बसवला.

"तुम्हालाही कसंतरी झालं ना?" मुलीने विचारलं.

"झालं."

मुलगी मग आपोआप बोलत गेली. याआधी ती दुसरीकडे राहायची. तिथे शेजारच्या इमारतीतला एक माणूस कितीतरी महिने फोनवर तिचं चित्रण करत होता. तिला ते कळलं लोकांकडून, सगळ्यांनी बघून झाल्यावर. "तेव्हा सगळे मलाच म्हणाले, तू पडदे का नाही लावलेस? इतके दिवस गप्प का बसलीस? म्हणून या वेळी मी आधी बोलले, आणि आता म्हणतात, बिचाऱ्या कामगाराच्या पोटावर पाय आणलास. म्हणजे मी करायचं तरी काय, काकू?"

टेप काकूंच्या हातात तशीच राहिली. माप घेऊन मुकाट निघून जाता आलं असतं. पण नाव लपवून या पोरीच्या घरात उभं राहणं म्हणजेही चोरून बघणंच झालं, असं त्यांना वाटलं.

"पोरी, तो माणूस माझा नवरा आहे."

मुलगी दोन पावलं मागे गेली. तिने आधी दार सताड उघडलं आणि मग विचारलं, "त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. त्यांना ठाऊकच नाही मी इथे आलेय ते."

"मग कशाला आलात? तक्रार मागे घे म्हणून सांगायला?"

"त्यासाठीच आले होते. आता तसं म्हणवत नाही."

मुलगी दाराला धरून उभी होती. "तुमचा विश्वास आहे त्यांच्यावर?"

"बावीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर."

"मी ते नाही विचारलं."

काकूंनी टेप गुंडाळली. "पडदे शिवून पाठवते," म्हणाल्या. "नको असतील तर मिस्त्रीजवळ परत दे."

त्या दिवशी दुपारी त्यांनी करड्या रंगाचं जाड कापड टेबलावर पसरलं. एवढं रुंद कापड एकट्याने बेतता येत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी ताणून धरावं लागतं. खालीवरकर न सांगता उठले आणि नेहमीसारखे टोक धरून उभे राहिले.

"कुणाचे?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगावं असं काकूंच्या मनात येऊन गेलं. "तिचेच. बाराव्या मजल्याचे."

कापड जरा सैल पडलं. पुन्हा ताणलं गेलं.

"घाबरलीय का ती फार?"

"खिडक्यांना कागद लावून राहतेय. याआधी एकाने तिला फार छळलंय."

खालीवरकर खाली कापडाकडे बघत राहिले. आपल्यावर आळ आला, आपल्याला हसले, घरी बसवलं, एवढंच इतके दिवस त्यांच्या डोक्यात होतं. समोरच्या खिडकीच्या आत कुणी भेदरून बसलं असेल, हे बहुधा आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात येत होतं.

"मी आधी जाऊन सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "रखवालदाराला, नाहीतर कुणालातरी. सुचलंच नाही. मला वाटायचं, मी वर बघतोय म्हणजे सगळ्यांना दिसतंच आहे की मी वर बघतोय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "अस्तर दुहेरी लाव."

पडदे गेले आणि परत आले नाहीत. पुढे काही दिवसांनी ती मुलगी स्वतः दुकानात आली. खालीवरकर आत होते. तिचा आवाज ऐकून ते मागच्या दाराने बाहेर निघून गेले, आणि ते गेल्याचं तिलाही कळलं.

"मी शोधून पाहिलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तो गुच्छ खरंच आहे. त्या दिवसांत, त्या वेळेला, आमच्या इमारतीच्या बरोबर वर."

काकूंचा श्वास मोकळा झाला. पण मुलगी पुढे म्हणाली, "पण त्यावरून ते कुठे बघत होते, हे कळत नाही. खरं ना?"

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

"मी चौकीवर सांगितलंय, मला पुढे काही करायचं नाही. पण त्यांनी त्या गच्चीवर पुन्हा येऊ नये. मला झोप लागत नाही."

"नाही येणार."

ती दाराकडे वळली. "पडदे छान झालेत," म्हणाली आणि गेली.

कंपनीने खालीवरकरांना कामावर परत घेतलं, पण फिरतीवरून काढून कारखान्यात बसवलं. तळघरातल्या लांबलचक खोलीत जुन्या मोटरी खोलायच्या, तारा गुंडाळायच्या, ब्रेकचे झिजलेले पट्टे बदलायचे. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. निष्कलंक सुटले असं कुणी म्हणालं नाही आणि दोषी आहेत असंही कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी विषयच सोडून दिला, आणि सोडून दिलेला विषय हवेत तरंगत राहतो. खालीवरकर ही हाक मात्र बंद झाली. कारखान्यात ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. दुर्बीण कपाटात, स्वेटरांच्या मागे गेली. जेवताना घर पुन्हा गप्प झालं.

वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात वळवाची एक सर पडून हवा धुतली गेली, त्या संध्याकाळी काकूंनी कपाट उघडलं. कुणाला काही न सांगता दुर्बीण पिशवीत घातली आणि शहराबाहेरच्या बंधाऱ्यावर गेल्या. तिथे लोक फिरायला येतात, आणि दक्षिणेला नुसतं पाणी. त्यांनी खूप शोधलं. मान अवघडली, हात भरून आले. नवरा जेवताना सांगायचा ते आठवलं, पुसट गोष्टीकडे रोखून बघायचं नसतं, जरा बाजूला बघायचं, मग ती आपणहून पुढे येते. त्यांनी नजर जरा बाजूला नेली. आणि होता तो. गोल, मऊ, कडेला विरत गेलेला. तो काही मोठा नव्हता, चमकत तर मुळीच नव्हता. एवढ्याशासाठी आपल्या घराची ही दशा झाली, असं वाटून काकूंना तिथल्या दगडावर बसून रडू आलं.

घरी आल्या तेव्हा खालीवरकर जेवायचे थांबले होते. पिशवीतला आकार त्यांनी ओळखला.

"दिसला?"

"दिसला."

"पुसट होता?"

"होता. पण होता."

ते मान हलवत राहिले. काकूंना राहवलं नाही. "त्या दिवशी गच्चीवर मला नव्हता दिसला. मग माझंही मन डळमळलं होतं. दोन-तीन दिवस."

"ठाऊक आहे," खालीवरकर म्हणाले. "दुर्बीण परत देताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस."

वर्षभर त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. रागावून बोलले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. पण ते रागावले नव्हते. त्यांनी भात कालवला आणि जेवायला लागले. लेक दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती आत आली आणि बाबांच्या शेजारी, अगदी खेटून, लहानपणी बसायची तशी बसली. तिच्याकडेही बोलण्यासारखं होतं, पण ते तिने त्या दिवशी काढलं नाही, आणि पुढे कधी काढलं का, ते काकूंना ठाऊक नाही.

आता उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली की तिघं बंधाऱ्यावर जातात. लेकीनेच त्यांना पहिल्यांदा ओढून नेलं. दुर्बीण तीच धरते आधी, मग बाबांकडे देते. पण खालीवरकर ती लगेच डोळ्यांना लावत नाहीत. आधी इकडे तिकडे बघतात. जवळपास जे कुणी फिरायला आलेलं असेल, एखादं जोडपं, एखादे आजोबा, कठड्यावर बसलेल्या बायका, त्यांच्यापाशी जातात आणि नम्रपणे सांगतात, "मी तिकडे बघणार आहे हं. वर, आकाशात. तिथे एक तारकागुच्छ आहे."

लोक गोंधळतात. कुणी हसतं. कुणी म्हणतं, "बघा की, आम्ही कुठे नाही म्हणतोय?" कठड्यापलीकडे नुसतं पाणी आहे, एकही घर नाही, एकही खिडकी नाही. लेकीने एकदा सांगून पाहिलं, "बाबा, इथे कुणाला काय सांगायचंय?" ते "हो, खरं आहे" म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे सांगायला गेले.

काकू त्यांना अडवत नाहीत. सगळ्यांना सांगून होईपर्यंत दोघी मायलेकी कठड्याला टेकून उभ्या राहतात.